नित्यचिकित्सेत प्राणायाम व ध्यान : मात्रा, काल आणि पात्रता

वैद्यकीय व्यवसायात पंधरा-वीस वर्षे गेली की काही शब्द हाताला सवयीने लागतात. औषधे लिहून झाली, अनुपान सांगून झाले की केसपेपरच्या तळाशी आपण ‘पथ्य पाळणे, प्राणायाम करणे’ असे लिहितो आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. गुग्गुळकल्प लिहिताना आपण गोळ्यांची संख्या लिहितो, वेळ लिहितो, कोमट पाण्यासह की दुधासह हेही लिहितो. प्राणायामाच्या पुढे मात्र काहीच लिहीत नाही. कोणता, किती, केव्हा, कोणी करू नये, कधी थांबवावा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दोन शब्दांत नसते. प्रस्तुत लेखात या उणिवेचाच विचार करावयाचा आहे. आणि तो मला का करावा लागला हे प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक गुरुजी, वय ५४, स्थूल, कफप्रधान प्रकृती, उच्च रक्तदाबासाठी ॲटेनोलॉल व आणखी एक गोळी चालू, असे माझ्याकडे संधिवेदनेसाठी येत असत. त्यांच्या केसपेपरवर मी ‘प्राणायाम – रोज’ एवढेच लिहिले. गुरुजी शिस्तीचे. त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहून पहाटे अर्धा तास जोरकस कपालभाती, त्यानंतर भस्त्रिका आणि शेवटी जमेल तेवढा वेळ श्वास रोखून धरणे, असा क्रम सुरू केला. पंधरा दिवसांत अंग हलके वाटू लागले, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी आपल्याच विचाराने बंद केल्या. पाचव्या आठवड्यात रात्री साडेदहाला नाकातून रक्त येत असलेल्या अवस्थेत त्यांना माझ्या दारात आणले गेले. रक्तदाब २१०/१२०. त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठवावे लागले. सुदैवाने दोन दिवसांत ते घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर लिहून दिलं होतं.’ त्या रागावल्या नव्हत्या, आणि म्हणूनच ते वाक्य अधिक लागले. गोळ्या बंद करा असे मी म्हटले नव्हते, हे खरे. पण बंद करू नका असेही म्हटले नव्हते. ॲटेनोलॉलसारखी गोळी अचानक तोडल्यास रक्तदाब व नाडीचा वेग उसळी घेतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. गुरुजींना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

शास्त्राधार

आपल्या संहितांत योगाचे स्थान कोणते, याविषयी आपल्यात बराच गोंधळ दिसतो. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात औषधाचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय असे तीन प्रकार सांगितले. अहितकर विषयांपासून मनाला आवरून धरणे, ही सत्त्वावजयाची त्यांची व्याख्या. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात योग व मोक्ष यांचे विवेचनही आहे. तथापि आज ज्याला आपण प्राणायाम म्हणतो, म्हणजे पूरक, कुंभक व रेचक यांचा मोजून केलेला विधी, तो बृहत्त्रयीत रोगाची चिकित्सा म्हणून आढळत नाही. तो योगशास्त्राकडून आपण घेतलेला आहे. उसने घेण्यात कमीपणा नाही. पण दुसऱ्या शास्त्राचे द्रव्य घ्यावयाचे, तर त्या शास्त्राने त्याबरोबर सांगितलेली सावधगिरीही घ्यावयास हवी. ती आपण वाटेतच टाकून आलो आहोत.

स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेचा दुसरा उपदेश या दृष्टीने प्रत्येक चिकित्सकाने एकदा वाचावा. सिंह, हत्ती किंवा वाघ यांना जसे हळूहळू माणसाळवितात तसाच वायूही हळूहळू वश करावा, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा तेथे स्पष्ट इशारा आहे. योग्य प्राणायामाने रोग जातात हे सांगून लगेच अयोग्य अभ्यासाने उत्पन्न होणारे विकारही ग्रंथकार मोजून देतो: हिक्का, श्वास, कास आणि शिर, कर्ण व नेत्र यांतील वेदना. आपल्याच परिभाषेत बोलावयाचे तर हे प्राणवायूच्या विमार्गगमनाचे व्यापद होत. वमन-विरेचनाचे व्यापद पाठ करून परीक्षा दिलेल्या आपण लोकांनी प्राणायामाचे व्यापद मात्र कधी विचारले नाहीत.

आता कपालभातीविषयी थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे, कारण आज समाजात ‘प्राणायाम’ म्हणजे कपालभाती असाच अर्थ रूढ झाला आहे. हठप्रदीपिकेत कपालभाती प्राणायामात मोडत नाही. धौती, बस्ती, नेती, त्राटक व नौली यांच्यासह ती षट्कर्मांत येते, म्हणजे ती शोधनक्रिया आहे. आणि ही षट्कर्मे कोणासाठी? ज्याच्या शरीरात मेद व कफ यांचे आधिक्य आहे त्याने ती आधी करावीत. ज्याचे दोष समस्थितीत आहेत त्याने करू नयेत, असा तेथे स्वच्छ निर्देश आहे. किंबहुना, काही आचार्यांना प्राणायामानेच मलशुद्धी होते असे वाटते व ते इतर कर्मे मानीतच नाहीत, अशी पुस्तीही तो ग्रंथ जोडतो. घेरंडसंहितेत तर भालभाती या नावाने तिचे वातक्रम, व्युत्क्रम व शीत्क्रम असे तीन प्रकार सांगितले असून त्यांतील पहिला प्रकार एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडण्याचा, म्हणजे लोहाराच्या भात्याप्रमाणे जोरकस कपालभातीहून अगदी निराळा आहे. एकाच नावाखाली दोन ग्रंथांत दोन क्रिया असताना ‘कपालभाती करा’ एवढ्याने रुग्णाने काय समजावे?

कपालभाती ही शोधनक्रिया आहे हे एकदा मान्य केले की पुढचे सर्व प्रश्न आपल्या परिचयाचे होतात. शोधनास पात्र कोण, अपात्र कोण, रोगीबल किती, काल कोणता, संसर्जन काय, हे आपण रोजच पाहतो. कृश, रूक्ष, वातप्रधान, उपाशी राहणारी, झोप न येणारी तरुण स्त्री आणि आमचे गुरुजी या दोघांना एकच शोधन आपण कधीच दिले नसते. गर्भिणी, अंत्रवृद्धीचा रुग्ण, नुकतीच उदराची शस्त्रक्रिया झालेला, अपस्मारी, हृद्रोगी आणि ज्याचा रक्तदाब आटोक्यात नाही असा माणूस, यांना जोरकस कपालभाती व भस्त्रिका सांगू नये. अम्लपित्तात ज्यांच्या छातीत आंबट पाणी वर येते, त्यांची तक्रार पोटाच्या या झटक्यांनी बहुधा वाढते. काचबिंदूच्या रुग्णास तर शीर्षासन मुळीच नको. त्या स्थितीत नेत्रातील दाब जवळजवळ दुप्पट होतो.

आणखी एक मुद्दा आपल्याच संहितेतील. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत त्यांत शेवटचा श्रमनिःश्वासाचा आहे. श्रमाने लागलेली धाप अडविल्यास गुल्म, हृद्रोग व संमोह उत्पन्न होतात असे तेथे म्हटले आहे. आता गुरुजींचा पहाटेचा क्रम पुन्हा पाहावा. अर्धा तास पोट हलवून, भाता फुंकून दमलेला माणूस त्याच क्षणी नाक दाबून श्वास कोंडतो. चरकाचार्यांनी ज्याला वेगधारण म्हटले तेच तो प्राणायाम समजून करीत होता. हा दुवा मला वीस वर्षांच्या व्यवसायात आधी कधी सुचला नाही, याचे आजही आश्चर्य वाटते. संहिता पाठ असणे आणि ती वेळेवर आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात.

मात्रा

व्यायामाची मात्रा आपल्याकडे अर्धशक्ती ही सांगितली आहे आणि ती ओळखण्याची खूणही सुश्रुताचार्यांनी दिली आहे: हृदयस्थ वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धे बल खर्च झाले असे जाणावे. प्राणायामासही हीच कसोटी लावावी असे माझे मत आहे. ज्या प्राणायामानंतर दोन-तीन श्वास तोंडाने घ्यावे लागतात तो त्या रुग्णासाठी अतिमात्र झाला. ही कसोटी रुग्णालाही घरी समजते, त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

मग सम्यक् मात्रा कोणती? माझ्या व्यवहारात मी एकच सोपी क्रिया ठरविली आहे. पाठ ताठ ठेवून, खुर्चीवर बसले तरी चालेल, नाकाने चार अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजेपर्यंत सोडावा. कुंभक नाही, आवाज नाही, पोटाला झटका नाही. एका श्वासाला साधारण दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. ज्याला चार-सहा जड जाते त्याने तीन-चारपासून आरंभ करावा.

मिनिटाला सहा श्वास ही गती माझ्या मनची नव्हे. इटलीतील संशोधकांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. २३ निरोगी प्रौढांना त्यांनी एकदा लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळ आणि एकदा ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा मंत्र म्हणावयास लावला. दोन्ही जपांत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली, आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाची संवेदनशीलता वाढलेली आढळली. म्हणजे लाभ मंत्राच्या भाषेत होता की त्याच्या लयीत, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आपल्या घरांतून तिन्हीसांजेला रामरक्षा म्हटली जात असे. तिचे श्लोक ३८. एका श्वासात एक श्लोक असे संथपणे म्हटले तर सहा-सात मिनिटे लागतात आणि गती तीच पडते. आजीबाईंना ‘तुम्ही प्राणायाम करता का’ असे विचारल्यास त्या नाही म्हणतील. मुलांना मात्र ती वाचा-शुद्धीसाठी म्हणावयास लावली जाई.

येथे अतिशयोक्ती टाळावी. संथ श्वसनाने उच्च रक्तदाबात होणारा उतार काही मिलिमीटरचाच असतो. तो उपयुक्त आहे, पण गोळ्यांची जागा घेईल एवढा नाही. हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावे. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, थायरॉईड, हृद्रोग यांवरील कोणतीही गोळी प्राणायाम सुरू केल्यामुळे बंद करावयाची नाही. कमी करावयाची असल्यास ज्याने दिली त्याने मोजमाप पाहून कमी करावी, हे वाक्य मी आता केसपेपरवर छापूनच घेतले आहे. इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाने सकाळी उपाशीपोटी दीर्घ काळ आसने केल्यास रक्तातील साखर एकदम उतरू शकते, हेही सांगावे लागते. मोजण्याला आपण बिचकण्याचे कारण नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली तेव्हा त्यांनी उड्डियान व नौली यांत पोटातील दाब कसा बदलतो हे उपकरणे लावून मोजले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक त्यासाठी सुरू केले. योगाला मोजपट्टी लावणे ही परकी कल्पना नाही, आपल्याच सह्याद्रीत तिला शंभर वर्षे होऊन गेली आहेत.

मात्रा मोजण्याचे एक घरगुती साधन मला एका रुग्णानेच सुचविले. घड्याळाकडे पाहत श्वास मोजला की मन घड्याळातच राहते. २७ मण्यांची लहान माळ, जिला स्मरणी म्हणतात, ती हातात घ्यावी आणि एका श्वासाला एक मणी ओढावा. २७ मणी म्हणजे साडेचार मिनिटे झाली. मुसलमान रुग्णांच्या घरी ३३ मण्यांची तसबीह असते, तिची साडेपाच मिनिटे होतात. कोणी कोणते नाम घ्यावे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. नाम न घेता केवळ अंक मोजणाऱ्यांनाही गुण येतो असे मी पाहिले आहे. आरंभी एक माळ दोन वेळा, तीन आठवड्यांनी दोन माळा दोन वेळा, आणि त्यापुढे सहसा नाही. अधिक करावयाचे असेल त्याने जाणत्या योगशिक्षकाकडे बसून शिकावे. ते काम दवाखान्यातील दहा मिनिटांत होत नाही.

काल आणि प्रकृती

वाग्भटाचार्यांनी ब्राह्ममुहूर्ती उठण्याचा उपदेश केला तो स्वस्थ माणसाला. त्या एका विशेषणाकडे आपले दुर्लक्ष होते. अनिद्रेच्या रुग्णाला पहाटे चारला उठवून प्राणायामास बसविणे म्हणजे उरलीसुरली झोपही काढून घेणे होय. माझ्याकडे ४१ वर्षांची एक गृहिणी आली. एकत्र कुटुंब, झोप तीन-चार तास, छातीत धडधड, सर्व तपासण्या सामान्य. कोणीतरी तिला पहाटेचे ध्यान सांगितले होते. मी विचारले, ‘पहाटे बसता का?’ ती म्हणाली, ‘पाचला नळाला पाणी येतं, डॉक्टर. ते भरायचं की बसायचं?’ या प्रश्नाला कोणत्याही योगग्रंथात उत्तर नाही.

आम्ही दोघांनी मिळून तिचा दिवस कागदावर मांडला. दुपारी साडेतीन ते चार या वेळात घरातील वडीलधारी मंडळी झोपलेली आणि मुले शाळेत असत. चहा ठेवण्यापूर्वी एक माळ, ही पहिली वेळ ठरली. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या, तळपायांना कोमट तिळतेल चोळल्यावर दुसरी. औषध अल्पसे होते. पहिल्या पंधरा दिवसांत फारसा फरक पडला नाही. मग तिला रात्रीचा क्रम विचारला तेव्हा कळले की घरखर्चाचा आणि मुलाच्या अभ्यासाचा विषय पतीसमोर काढण्यास तिला दिवसभरात वेळच मिळत नसे, तो रात्री दहानंतर निघे आणि बहुतेक वेळा भांडणात संपे. त्यानंतर माळ ओढून काय होणार?

येथे पुन्हा चरकाचाच सातवा अध्याय कामी आला. आपण अधारणीय वेग पाठ करतो आणि त्याच्याच पुढे आलेले धारणीय वेग विसरतो. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, ईर्ष्या, अतिराग हे मनाचे. कठोर बोलणे, अति बोलणे, चहाडी, असत्य आणि अकाली बोलणे हे वाणीचे. परपीडा, चोरी, हिंसा हे देहाचे. हे आवरावयाचे आहेत. ‘अकाली बोलणे’ हा रोगकारक वेग म्हणून नोंदविणाऱ्या ग्रंथकाराने संसार जवळून पाहिला असला पाहिजे. आम्ही एवढेच ठरविले की रात्री नऊनंतर पैशांचा व परीक्षेचा विषय काढावयाचा नाही. त्यासाठी रविवारी सकाळी अर्धा तास. पतीलाही बोलावून हे सांगितले, कारण एकाने वेग धारण करावयाचा आणि दुसऱ्याने मोकळा सोडावयाचा, असे चालत नाही. दीड महिन्यात तिची झोप साडेपाच तासांवर आली. यात माळेचा वाटा किती आणि रविवारच्या अर्ध्या तासाचा किती, हे मला वेगळे करता येणार नाही. माझा कौल रविवारकडे झुकतो.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला, मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि जागरण करणाऱ्याला योग साधत नाही असे सांगितले आहे. ध्यानाच्या अध्यायात आहार-निद्रेची चर्चा येते ती उगीच नव्हे. रुग्णाला ध्यान सांगण्यापूर्वी तो केव्हा जेवतो आणि केव्हा झोपतो हे विचारणे, हाच ध्यानाचा पहिला धडा समजावा.

प्रकृतीनुसार बदल करावयाचा तो थोडाच. कफप्रधान, स्थूल, आळसावलेल्या पण अन्यथा निरोगी माणसास सकाळी सौम्य कपालभाती वीस-तीस आघातांची, मध्ये विश्रांती घेऊन, देण्यास हरकत नाही. पित्तप्रधान माणसास ग्रीष्मात व शरदाच्या उन्हात भस्त्रिका नको. घेरंडसंहितेने प्राणायामाच्या आरंभास वसंत व शरद हे दोन ऋतू सांगितले आहेत; वर्षाऋतूत, वाताच्या प्रकोपकाली, नवीन जोरकस क्रिया सुरू करू नये हे त्यावरून सहज ध्यानी येते. दरवर्षी २१ जूनला, म्हणजे महाराष्ट्रात पाऊस सुरू होण्याच्या सुमारास, २०१५ पासून योगदिन साजरा होतो आणि त्या उत्साहात अनेकजण आरंभ करतात. आरंभ अवश्य करावा, पण संथ श्वसनाने. भाता शरदापर्यंत थांबू शकतो.

ध्यानास कोण पात्र

ध्यान निरुपद्रवी आहे, कोणालाही सांगावे, ही समजूत बरोबर नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील दशविध परीक्षेत सत्त्वपरीक्षा आहे. प्रवर, मध्यम व अवर असे सत्त्वाचे तीन भेद तेथे केले आहेत. अवर सत्त्वाच्या रुग्णास डोळे मिटून एकटे बसविले की भय कमी होण्याऐवजी वाढते. ज्याला कानात आवाज येतात, ज्याला संशय येतो, ज्याने नुकताच मोठा आघात सोसला आहे किंवा जो जगण्याला कंटाळल्याचे बोलतो, त्याला दीर्घ मौन व तासन्‌तास ध्यान सांगू नये. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे आणि चालू गोळ्यांना हात लावू नये. अशा रुग्णास उघड्या डोळ्यांनी, मोठ्याने म्हणावयाचे स्तोत्र, घरच्यांसह भजन, सकाळचे चालणे हेच हितकर ठरते. आश्वासन, मित्रपरिवाराचा सहवास आणि धीर देणे हाही सत्त्वावजयच आहे.

पतंजलींनी योगाच्या अंतरायांत पहिले नाव व्याधीचे घेतले आहे, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोग हा त्यांच्या दृष्टीने योगमार्गातील अडथळा होता, आणि तो दूर करणे हे वैद्याचे काम. आज लोक योगानेच व्याधी जावी म्हणून येतात. दिशा उलटली तरी हरकत नाही, परंतु आपले काम त्यामुळे संपत नाही.

औषधी विक्रेत्यांसाठी

आपल्या सभासदांपैकी ज्यांची आयुर्वेदिक औषधांची दुकाने आहेत त्यांच्याकडे हल्ली नेतीपात्र, सूत्रनेती, ध्यानासाठी अश्वगंधा व ब्राह्मी यांची मागणी असते. पुष्कळ ग्राहक वैद्याकडे न जाता थेट काउंटरवर येतात, म्हणून तेथे सांगितलेले दोन शब्द मोलाचे ठरतात. नेतीपात्र देताना पाणी उकळून कोमट केलेलेच वापरावे, हे आवर्जून सांगावे. २०११ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे न उकळलेले पाणी नेतीसाठी वापरल्याने दोघांना अमीबाजन्य मस्तिष्कसंसर्ग होऊन ते दगावले. हा विकार अत्यंत दुर्मीळ आहे, पण पाणी उकळण्यास काहीच खर्च येत नाही. मिठाचे प्रमाण अर्धा लिटर पाण्यास साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान सपाट चमच्याने पाऊण चमचा. प्रमाण चुकले की नाक झोंबते, ग्राहक पात्र माळ्यावर टाकतो आणि नेती वाईट म्हणतो. कान दुखत असताना, नाकातून रक्त येत असताना किंवा नाक पूर्ण चोंदलेले असताना नेती करू नये.

शंखप्रक्षालनासाठी सैंधव मागणाऱ्यास रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का हे विचारावे आणि असल्यास वैद्याकडे पाठवावे. त्या क्रियेत एका वेळी पुष्कळ मीठ पोटात जाते. अश्वगंधा मागणाऱ्यास थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू आहे का, एवढे विचारावे. विक्री थोडी लांबेल, पण ग्राहक परत येईल.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. रुग्णांना माळ लिहून देऊ लागलो तेव्हा मी स्वतः नियमाने काहीच करीत नव्हतो. एका ज्येष्ठ रुग्णाने ‘तुम्ही किती ओढता?’ असे विचारल्यावर मी विषय बदलला. आता दुपारी दवाखाना बंद केल्यावर एक माळ होते. सायंकाळची आठवड्यातून तीन-चार वेळा चुकते. त्यामुळे ‘जमत नाही हो’ म्हणणाऱ्या रुग्णाशी बोलणे मात्र पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

गुरुजी अजूनही माझ्याकडे येतात. रुग्णालयातून आल्यावर त्यांनी सर्वच सोडून देण्याचे ठरविले होते. त्यांना पुन्हा बसविण्यास तीन महिने लागले, आणि ते तीन महिने मी त्यांच्याकडे वारंवार गेलो. सध्या त्यांच्या दोन्ही गोळ्या चालू आहेत, एकीची मात्रा त्यांच्या डॉक्टरांनी आठ महिन्यांनी निम्मी केली. मागील भेटीत रक्तदाब १३६/८४ होता. त्यांच्या केसपेपरवर औषधांखाली मी ‘स्मरणी १, दिवसातून दोन वेळा’ असे लिहिले होते. त्या दिवशी सायंकाळी कोपऱ्यावरच्या औषधी दुकानदाराचा मला दूरध्वनी आला, ‘डॉक्टर, गुरुजींचा मुलगा चिठ्ठी घेऊन आलाय. ही स्मरणी कोणत्या कंपनीची? माझ्याकडे तर नाही, पण उद्यापर्यंत मागवून देतो.’ तेव्हापासून मी ‘माळ’ असेच लिहितो, आणि त्यापुढे ‘घरी असते’ हे दोन शब्दही.